वरचा कागद

मार्चमधला पहिला रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सातशे डॉलर, एका महिन्याचं भाडं, रोख. हजर माणसं तीन: मी, घरमालक आणि त्यांचे मित्र पेणकरकाका. या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तारखेची खात्री नाही म्हणून ती लिहीत नाही. रविवार मात्र नक्की होता, कारण मालक नुकतेच चर्चमधून आले होते आणि दारात बसून बूट काढत होते.

त्यांनी पैसे मोजले नाहीत. मी मोजायला लावले. मग त्यांनी पावती लिहून दिली ती ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर.

"ही आरपार दिसते," मी म्हटलं.

"आरपार दिसत नाही ती पावती कसली?" मालक म्हणाले.

पेणकरकाका खुर्चीतून म्हणाले, "घे रे बाबा. याच्याकडे दुसरा कागदच नाही. याने लग्न केलं असतं तर पत्रिकापण आरपार छापली असती."

मी तेव्हा पुण्याहून एकटाच सिंगापूरला आलो होतो, एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात. वुडलँड्समध्ये भाडी कमी होती, आणि मालक मराठी होते. नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातले. तरुणपणी इथल्या एका जहाजबांधणीच्या यार्डात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि जहाजांचे नकाशे काढत तीस वर्षं राहिले. नव्या पोरांना ड्रॉइंग शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना लग्नाबद्दल विचारलं की म्हणत, "राहून गेलं," आणि ते अशा सुरात की छत्री बसमध्ये राहून गेली असावी.

पेणकरकाका त्याच यार्डात इंजिनं तपासायचे. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांच्या पूर्वजांना गावात शनवार तेली म्हणत. काका स्वतःची ओळख तशीच करून देत. "आम्ही शनवार तेली. हा रविवारचा. मधल्या मधे तू आलास, तुझा वार कुठला?" मी म्हटलं, महिनाअखेर. तेव्हापासून आमचं जमलं.

मास्तरांना एकच नाद होता. पहिल्या दोन-तीन शतकांतले ख्रिस्ती लोक ज्यूंचं शास्त्र कसं वाचत असत, हा. मला त्यांनी तो पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांकडे स्वतःचं असं शास्त्र नव्हतं. होतं ते ज्यूंचं, आणि तेही बहुतेकांनी वाचलं ते ग्रीक भाषांतरात. त्यातच त्यांना आपला ख्रिस्त शोधायचा होता. शोधायला लागले तसा तो पानोपानी सापडायला लागला. जिथे लाकूड येईल तिथे क्रूस. जिथे पाणी येईल तिथे बाप्तिस्मा. आधी घडलेली गोष्ट ही पुढे येणाऱ्या गोष्टीची छाया.

ड्राफ्ट्समनला हे फार पटलं असावं. त्यांनी त्याचे नकाशेच काढले होते. खालच्या जाड कागदावर जुन्या करारातली, म्हणजे ज्यूंच्या शास्त्रातली गोष्ट, वरच्या ट्रेसिंग पेपरवर नव्या करारातली, रेघेवर रेघ. खाली बळी जायला बापाबरोबर डोंगर चढणारा इसहाक, पाठीवर लाकडाची मोळी. वरचा कागद ठेवला की तीच मोळी क्रूस व्हायची, आणि मान त्याच कोनात झुकलेली. अशा दोनशे बारा जोड्या होत्या. मी मोजल्या आहेत.

हे वेड कागदापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. आमच्या इमारतीत खिडक्यांबाहेर बांबू लावून कपडे वाळत घालत. दोन्ही बाह्यांतून बांबू घातलेले शर्ट हात पसरून लटकत असत. मास्तर खालून बोट दाखवायचे. "बघ, चौथ्या मजल्यावर मोशे." लढाई चालली असताना मोशे हात पसरून उभा राहिला, हात वर असेतो त्याचे लोक जिंकत राहिले, आणि जुन्या ख्रिस्ती लोकांनी त्यात क्रूस पाहिला, अशी ती भानगड. पाऊस आला की बायका भराभर बांबू आत ओढत. मास्तर म्हणत, "आता हरले."

वुडलँड्समध्ये घर का घेतलं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, "नावात लाकूड आहे." ही थट्टा होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

दर रविवारी पेणकरकाका तोआ पायोहहून ट्रेनने येत आणि दोघं खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कोपी म्हणजे इथली कॉफी घेऊन भांडत. मी हिशेब करणारा म्हणून मला पंच नेमलं होतं. एकदा मास्तरांनी आकड्याचं प्रकरण काढलं. अब्राहामाच्या घरात तीनशे अठरा माणसं होती असं शास्त्रात आहे. एका जुन्या ख्रिस्ती लेखकाने त्याचा अर्थ असा लावला: ग्रीक लोक आकडे अक्षरांत लिहीत. अठरा म्हणजे दहा आणि आठ, त्यांची अक्षरं येशूच्या नावातली पहिली दोन. तीनशेचं अक्षर दिसायला क्रुसासारखं. म्हणजे अब्राहामाला सगळं आधीच माहीत होतं.

"अब्राहामाला ग्रीक येत होतं का रे?" काकांनी विचारलं.

"येत नसलं तरी."

"बरं. मग हिब्रूत ऐक. त्याचा नोकर होता अलियेजर. त्याच्या नावातल्या अक्षरांची बेरीज तीनशे अठरा. आमचे जुने पंडित सांगून गेलेत. म्हणजे माणूस एकच होता, बाकी नुसती हूल." मग माझ्याकडे वळून, "कर बेरीज."

मी नॅपकिनवर दोन्ही बेरजा केल्या. दोन्ही जुळल्या. आमच्या धंद्यात एकच रक्कम दोन वेगळ्या कारणांनी जुळली की आम्ही कागद पुन्हा मागवतो. मी तसं सांगितल्यावर दोघंही माझ्यावरच चिडले.

काका कधी वरचढ व्हायचे. "आमच्या पुस्तकात मुलाला जन्म देणारी नुसती तरुणी होती. तुमच्या ग्रीक भाषांतरात ती कुमारी झाली, आणि तुम्ही तिला येशूची आई केलीत. शाळेच्या दाखल्यावर नाव बदललं तर तहसीलदार विचारतो, तुम्हाला कुणी विचारलं नाही?" मास्तर हसायचे, पण मागे हटायचे नाहीत. "ज्याने लिहिलं त्याला त्यातलं सगळं कळलेलं असतंच असं नाही, पेणकर. जहाजाच्या नकाशात समुद्र कुठे काढलेला असतो?"

भांडण संपलं की महिन्यातून दोनदा तरी आम्ही तिघं तोआ पायोहला काकांच्या घरी जेवायला जात असू. पेणकरकाकूंचं नाव राहेल. त्या नारळाच्या दुधातली मासळी करायच्या, तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या आणि मास्तरांना आधी वाढायच्या.

"आधी जेवा मास्तर, मग ख्रिस्त शोधा. ह्या कालवणात नाही तो, मी नीट पाहून टाकलंय."

"वहिनी, मासा ही तर जुन्या ख्रिस्ती लोकांची खूणच होती."

"हा बाजारातला आहे. काटे काढून खा."

मास्तरांना या गावात घर असं तेवढंच होतं. स्वतःच्या फ्लॅटमध्ये ते राहत, पण जेवण आणि दुखलंखुपलं काकूंकडे. मधुमेह झाला तेव्हा डॉक्टरांनी काय सांगितलं ते काकूंनाच माहीत होतं.

आठ महिन्यांनी माझी बायको पुण्याहून आली. तिने मोशे, बांबू, तीनशे अठरा असं सगळं एका संध्याकाळी ऐकलं आणि स्वयंपाकघरात मला म्हणाली, "काय नमुना आहे!" मास्तर दारातच पाण्याचा पेला घेऊन उभे होते. माझे कान तापले. पण त्यांचा चेहरा उजळला. "सूनबाई, बरोबर शब्द. मोशेला डोंगरावर नमुना दाखवला आणि सांगितलं, याच्याप्रमाणे बांध. आदाम हा येणाऱ्याचा नमुना. मी कसला नमुना?"

बायको म्हणाली, "पहिल्या प्रतीचा." पुढे आम्ही बेडोकला राहायला गेलो, तरी ते फोनवर "नमुना बोलतोय" असंच म्हणत.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आजार चार महिन्यांचा. ज्यू लोकांत सात दिवस सुतकात बसतात. पाचव्या दिवशी मी आणि मास्तर गेलो. आरशावर चादर टाकलेली होती. काका बुटक्या स्टुलावर, सदऱ्याची कड रीतीप्रमाणे फाडलेली. मास्तर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. तसेच उठलो असतो तर मला आज लिहायला काही उरलं नसतं.

मास्तर हळूच म्हणाले, "पेणकर, एक सांगू? नावं उगाच पडत नाहीत. याकोबाच्या दोन बायका. जुने लोक लिहून गेलेत, लेआ अधू डोळ्यांची, ती तुमचं सभास्थान. आणि राहेल ती ख्रिस्ताची मंडळी, आमचं चर्च. म्हणजे वहिनी नावानेच पहिल्यापासून आमच्यात होत्या. त्यांची काळजी करू नकोस."

मी त्यांना ओळखत होतो. काकू आपल्याला पुन्हा भेटणार नाहीत या भीतीने ते चार महिने नीट झोपले नव्हते. शोधून शोधून त्यांनी काकूंसाठी एक जागा काढली होती, आणि ती मित्राला द्यायला आले होते.

काकांनी वर पाहिलं. "माझी बायको गेली, मास्तर. पुस्तक तुम्ही केव्हाच नेलंत. अब्राहाम नेलात, मोशे नेलात. आम्ही हसलो, जेवू घातलं. आता हिलाही नेताय? ती कशाची छाया नव्हती. राहेल म्हणजे राहेल. तुम्ही जा आता."

चाळीस वर्षांत काकांनी त्यांना एकट्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

लिफ्टमध्ये मास्तर म्हणाले, "मी काय चुकीचं बोललो?" मी जे मनात आलं ते सांगितलं. "तुम्ही त्यांच्या बायकोवर वरचा कागद ठेवलात." अकरा मजले उतरून खाली आल्यावर ते लिफ्टच्या बाहेर पडायचं विसरले.

रविवार बंद झाले. मास्तरांनी दोन पत्रं टाकली, दोन्ही न उघडता परत आली. फोन काका उचलत नसत. मी मध्ये पडून पाहिलं. काका म्हणाले, "तू ये, जेव, बस. त्याचं नाव काढू नकोस."

एकदा मी वुडलँड्सला गेलो तर मास्तरांनी सगळ्या जोड्या सोडवल्या होत्या. वरचे कागद गुंडाळून नळकांड्यात, खालचे जमिनीवर मांडलेले. "विश्वास माझा इंचभर हलला नाही," ते म्हणाले. "ते मनात आणू नकोस. पण हे बघ." त्यांनी इसहाकावर बोट ठेवलं. "याला डोळेच नाहीत. मोशेलाही नाहीत. दोनशे बारा चित्रांत खालच्या एकाही माणसाला मी डोळे काढले नाहीत. वरच्याचे दिसायचे ना, मग गरजच पडली नाही."

त्यानंतर त्यांनी राहेलची गोष्ट लिहायला घेतली. नियम एकच: शास्त्रात लिहिलंय तेवढंच, जास्तीचा शब्द नाही. पाच महिन्यांत अकरा पानं झाली. तपासणी माझ्याकडे होती. जुना करार एका हाताला, त्यांची पानं दुसऱ्या हाताला, आणि मी वाक्यावाक्याला टिक करत गेलो, जशी बिलं तपासतो तशी. दोन ठिकाणी थांबलो. विहिरीच्या तोंडावरचा दगड याकोबाने लोटला, तिथे त्यांनी 'ख्रिस्ताच्या कबरीवरच्या दगडासारखा' असं लिहिलं होतं.

"हे कुठे आहे?"

त्यांनी खोडलं.

दुसरं, शेवटी. 'राहेलने लेकरासाठी आपला प्राण दिला.'

"मास्तर, इथे फक्त बाळंतपणात गेली एवढंच आहे."

"दिला नाही?"

"गेला."

तो शब्द खोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग सगळ्यात खाली त्यांनी चार ओळी घातल्या. 'ही एक राहेल. दुसरी माझ्या ओळखीची होती. तिने मला तीस वर्षं जेवू घातलं. तिची भाकरी कशासारखीही नव्हती, ती भाकरी होती.' याला आधार शास्त्रात नव्हता, पण ती भाकरी मी खाल्ली होती. मी टिक केली.

त्याच सुमारास कळलं की काका फ्लॅट विकून मुलीकडे इस्राएलला कायमचे चाललेत. मास्तरांनी रविवारी पाकीट माझ्या हातात दिलं. "पोस्टाने नको. हातात दे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याचं विमान आहे."

माझं ऑफिस तोआ पायोहलाच आहे. काकांचं घर तिथून चालत दहा मिनिटं. पण महिनाअखेर होती. सोमवारी जमलं नाही. मंगळवारी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. बुधवारी आणि गुरुवारी मी इस्पितळात गेलो. उजवी बाजू गेली होती, पण तोंडातून शब्द येत होते. गुरुवारी म्हणाले, "दिलंस?"

मी म्हटलं, "उद्या."

त्यांनी मान हलवली.

शुक्रवारी ऑफिसमधून निघायला सव्वासात झाले. काकांनी दार उघडलं तेव्हा आत मेणबत्त्या लागलेल्या होत्या. सतरा वर्षं त्यांच्याकडे जेवलेल्या माणसाला शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे काय हे सांगावं लागू नये. शब्बाथ, म्हणजे शनिवारी अंधार पडेपर्यंतचा कामबंदीचा दिवस, सुरू झाला होता, आणि काकू गेल्यापासून काका तो फार कडक पाळत.

पाकीट बंद होतं. काका म्हणाले, "मला फाडता येत नाही. तुला फाड म्हणताही येत नाही." मी फाडलं. आधीपासून लावलेल्या दिव्याखाली उभं राहून त्यांनी अकरा पानं वाचली. शेवटचं पान दोनदा.

"कसा आहे तो?"

मी सांगितलं.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि हे तुझ्याकडे कधीपासून?"

"रविवारपासून."

"तुझं ऑफिस इथेच ना रे?"

मी हो म्हटलं.

मी म्हटलं, "काका, टॅक्सी आणतो. मी सगळं करतो, तुम्ही नुसते बसा."

"जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडता येतो. मी गेल्याने तो वाचणार आहे?"

मी टॅक्सीसाठी काढलेला फोन खिशात टाकला.

"सकाळी प्रार्थना झाली की चालत येतो. कागद तू आण. शब्बाथला मला घराबाहेर काही उचलून नेता येत नाही."

पहाटे मास्तरांना दुसरा झटका आला आणि वाचा गेली. सकाळी मी पोहोचल्यावर नर्सने सांगितलं. काका अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. अंतर चार किलोमीटर, वय अठ्ठ्याहत्तर, त्यात लिफ्ट न वापरता पाच मजले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता.

"मास्तर, पेणकर आलोय."

मास्तरांनी डोळे उघडले. काकांनी माझ्याकडून पानं घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. विहीर, दगड, मेंढ्या, राहेलसाठी याकोब राबला ती सात वर्षं आणि पुन्हा सात वर्षं. शेजारच्या पलंगावरच्या चिनी आजोबांच्या मुलीने टीव्ही बारीक केला. अकरा पानं संपली. भाकरीची ओळ काकांनी दोनदा वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एक शब्द जास्तीचा नाही. आता तू बोल. तुझे जुने लोक राहेलबद्दल काय म्हणत, ते पुन्हा सांग. त्या दिवशी मी ऐकून घेतलं नाही. आज ऐकतो. बोल रे मास्तर. तुला हवं ते बोल."

मास्तरांचे ओठ हलले. काकांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि तसेच वाकून राहिले. ओठ पुन्हा हलले, तिसऱ्यांदा हलले, मग थांबले. काका बऱ्याच वेळाने सरळ झाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ऐकू आलं नाही. आणि मी त्यात काही घालणार नाही."

ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. अंधार पडला, शब्बाथ संपला, तेव्हा मी त्यांना टॅक्सीने घरी सोडलं. शनिवारी ते पैसे जवळ ठेवत नाहीत म्हणून भाडं मी दिलं. मास्तर रविवारी सकाळी गेले, चर्चच्या वेळेला.

अंत्यविधी मंगळवारी झाला. काका आले, शेवटच्या बाकावर बसले, गाणी होईपर्यंत उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. "शनिवारच्या टॅक्सीचे." मी नको म्हणणार होतो. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हटलं नाही. पाकीट रविवार ते शुक्रवार माझ्याकडे पडून होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, परवाच्या विमानाबद्दल बोलले. अकरा डॉलर चाळीस सेंट, पेणकरकाकांकडून मला. मी मोजले. बरोबर होते.